उसनी पाटी

वस्तू चांगली की वाईट हे कसे ठरवावे, हा प्रश्न दिवाळीच्या तोंडावर घरोघर निघतो. लुगडे असेल तर पदर हातात घेऊन पाहावा, मडके असेल तर पेराने वाजवून पाहावे, रवा असेल तर चिमटीत चोळून पाहावा. आमच्या आईची सगळी परीक्षा बोटानेच होई. दुकानदार काय सांगतो इकडे तिचे लक्षच नसे. गेल्या वर्षी अशीच एका वस्तूची परीक्षा माझ्यावर येऊन पडली. मौज अशी की, परीक्षा मी वस्तूची करीत आहे की वस्तू आमची, हेच काही वेळाने मला कळेनासे झाले.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा फुलंब्रीला आला आणि पिशवीतून एक काळी, चपटी वस्तू काढून त्याने माझ्यापुढे ठेवली. मला वाटले पाटीच. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साडेपंधरा इंच, आणि वजनाला किलोभरही नाही.

"मामा, हा बरोबर नेण्यासारखा मॉनिटर. टचस्क्रीन आहे. दिवाळीला तुम्हांला असाच घेऊन द्यावा म्हणतो. हा माझा पंधरा दिवस वापरून पाहा. लिखाणाला उपयोगी पडतो का, शाळेत चालतो का, ते सांगा."

किंमत ऐकून मी म्हटले, "एवढ्या पैशांत आमच्या दोन वर्गांना नवे फळे येतील."

"फळ्यावर कादंबरी लिहिता येत नाही," तो म्हणाला. भाचा बोलतो थोडे, पण मुद्द्याचे. जाताना त्याने एक मऊ कापडही दिले. काचेवर बोटांचे ठसे फार उठतात, ते पुसायला.

पहिला दिवस फुकट गेला. भाच्याच्या नव्या संगणकाला एकच तार पुरते. तिच्यातूनच चित्र येते, वीज येते आणि बोटाची खबर परत जाते. माझा संगणक जुना. त्याला चित्राची तार वेगळी आणि स्पर्शाची वेगळी. मी चित्राची जोडली, वीज भिंतीतून घेतली, आणि काचेवर बोटे आपटीत बसलो. पडद्याला सारे दिसत होते, पण अंगाला हात लावलेला कळत नव्हता. रात्री फोनवर खुलासा झाला, दुसरी तार लागली आणि पाटी जागी झाली.

लिखाणाच्या कामी म्हणाल तर पडदा गुणी निघाला. एका पडद्यावर लिहिणाऱ्याची एक खोड असते, ती म्हणजे मागचे सगळे विसरून पुढे धावायचे. आता समोरच्या पडद्यावर नवे प्रकरण आणि शेजारच्या या पाटीवर गेल्या वर्षीचा खर्डा, असे दोघे जवळजवळ बसले. जी वाक्ये मी सुधारली म्हणून समजत होतो त्यांतली निम्मी आधीच बरी होती, हे चारच दिवसांत दिसून आले. एवढे कोणत्याही टीकाकाराने मला कधी दाखवले नव्हते. पान बोटाने सरकवावे, समासात बोटानेच खूण करावी, हेही सुखाचे. पण चित्र काढायचे म्हटले की उणीव कळते. बोरू दाबला की रेघ जाड होते, उचलला की बारीक. इथे बोट कसेही दाबा, रेघ एकाच जाडीची. दाब ओळखणारी लेखणी हवी तर ती जाणणारा पडदाही निराळाच लागतो. ओट्यावर उन्हात बसावे तर अक्षरांऐवजी आपलेच तोंड दिसते. आणि वीज गेली की संगणकाची बॅटरी दोघांना पोसता पोसता लवकर संपते. आमच्याकडे हा दोष लहान नव्हे.

पुढच्या आठवड्यात मी तो शाळेत नेला आणि टेबलावर आडवा ठेवला. गोदावरीचा नकाशा उघडला आणि पाचवीच्या मुलांना म्हटले, त्र्यंबकेश्वरापासून पैठणच्या नाथसागरापर्यंत बोटाने नदी ओढा. वाचकहो, शाळेत मुलांना आम्ही दिवसभर काय सांगतो? नकाशाला बोट लावू नका, कपाटाला बोट लावू नका, फळ्याला बोट लावू नका. त्या दिवशी प्रथमच मी 'बोट लावा' म्हणालो. चाळीस पोरे, त्यांतली काही बोटे नुकतीच नाकाशी होती. पण शाळा सुटल्यावर एकदाच पुसू म्हणून मी गप्प राहिलो. नंतर ज्याला जे काढायचे ते काढा म्हटले. एका मुलीने घर काढले. घराला दार होते, धुराडे होते, जमीन मात्र नव्हती.

शाळा सुटली तरी ती मुलगी काचेपासून हलेना. तिची आई तिला न्यायला आली. ते कापूसवेचणीचे दिवस. बाई शेतातूनच आली होती, लुगड्याला कापसाचे तंतू चिकटलेले. ज्याने कधी कापूस वेचला नाही त्याला सांगतो, बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांना टोके असतात आणि ती बोटांत शिरतात. हंगाम भरात आला की बोटांची पेरे भेगाळतात, वर कातडी चामड्यासारखी होते.

"आई, बोट लाव ना."

"नको बाई, फुटंल."

मी म्हटले, "लावा, काही होत नाही." तिने पदराला बोट पुसले आणि काचेवर टेकवले. काही उमटले नाही. पुन्हा टेकवले, दाबले, ओढले. पोरीने मधे बोट लावले तर लगेच रेघ उठली.

"आमचं बोट नाही चालत याला," बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थोडे हसूच होते. "दिवसभर कापसाला चालतं. राशनच्या दुकानातबी असंच. चार-चार बार अंगठा दाबला तरी मशीन म्हणतं, ही ती बाई नव्हंच."

मग तिने, नोटा मोजताना लावतात तसे, बोट जिभेला लावले आणि काचेवर टेकवून ओढले. रेघ उमटली. लेकीने टाळ्या वाजवल्या.

आणि माझा हात खिशातल्या कापडाकडे गेला.

कापड अजून बाहेरही आले नव्हते. पण तिने पाहिले. तिने चटकन बोट मागे घेतले आणि पदराने काच पुसू लागली. "चुकलं सर," म्हणाली. मी 'राहू द्या, राहू द्या' म्हणत होतो. पण हात जिथे जायचा तिथे जाऊन चुकला होता.

यानंतरच्या माझ्या पंधरवड्यात लिखाण फारसे झाले नाही.

पहिल्यांदा मी यंत्राचा विचार केला, कारण तो सोपा. या काचेत डोळ्यांना न दिसणारा, वीज वाहणारा एक पातळ थर असतो; इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडचा. माणसाच्या शरीरात पाणी आणि क्षार असल्याने तेही वीज वाहते. बोट काचेला लागले की त्या ठिकाणच्या विद्युतभारात किंचित फरक पडतो आणि तेवढ्यावरून काच जागा ओळखते. बोटाची कातडी मऊ, ओलसर असेल तर हा फरक स्पष्ट होतो. जाड, कोरडी, भेगाळलेली असेल तर क्षीण होतो. म्हणूनच जिभेचा ओलावा लागताच काम झाले. रेशनच्या दुकानातले यंत्र निराळे. ते बोटावरच्या रेषा वाचते, आणि कष्टाने रेषाच झिजतात. दोन यंत्रे, दोन वेगळी कारणे, बोट मात्र एकच.

स्पर्शाने चालणाऱ्या अशा पडद्याची कल्पना इंग्लंडात माल्व्हर्न येथील रडार संशोधन केंद्रातल्या ई. ए. जॉन्सन यांनी 1965 साली मांडली. विमानांच्या वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्याचे काम सुकर व्हावे हा तिचा एक हेतू. त्या माणसाचे बोट मी कल्पनेने पाहू शकतो. खोलीत, खुर्चीत बसलेल्या माणसाचे बोट. जवळपास माझ्याच बोटासारखे.

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांशी मी हे बोललो. ते म्हणाले, "तुम्ही कादंबरीकार, कशातही अन्याय पाहता. काचेला काय ठाऊक कोण कापूस वेचते ते? जिला हेतूच नाही तिला दोष कसला? आणि स्पर्श म्हणजे काही हक्क नव्हे. अजिंठ्याला जाऊन पाहा."

अजिंठ्याचा रस्ता आमच्या गावावरूनच जातो, त्यामुळे हा दाखला त्यांना तयारच होता, आणि तो खोटाही नव्हता. रॉबर्ट गिल 1844 साली त्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला नेमला गेला. वर्षानुवर्षे भिंतींसमोर बसून त्याने केलेल्या नकलांपैकी बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत 1866 साली जळाल्या. तसे असूनही दुःख त्या आगीपेक्षा भिंतींचे अधिक. नक्कल करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फिरवले. ते पिवळे पडले, सुकून आक्रसले आणि रंगाचे पोपडे घेऊन निघाले. पुढे 1920 साली निजाम सरकारला ती वाचवण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणावे लागले. ज्यांनी चित्रांवर प्रेम केले त्यांच्याच हातांनी ती बिघडली. तेव्हा 'हात लावू नका' ही प्रत्येक पाटी माणुसकीच्या विरुद्ध असते असे मी म्हणणार नाही.

पण अजिंठ्याची पाटी सगळ्यांना सारखी आहे. ती कलेक्टरांनाही तेच सांगते आणि कापूस वेचणारीलाही. आमच्या देशात स्पर्शाचा हिशेब फार जुना आहे. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे हजारो माणसे चालत गेली, ती काही तहानेने नव्हे. त्या पाण्याला कोणाचा हात लागायचा हे ठरवण्यासाठी. तिथे मनाई करणारी माणसे होती, त्यांचा हेतू होता, म्हणून त्यांच्याशी झगडता आले. काचेशी झगडायचे कसे? ती कोणाला नको म्हणत नाही. तिला फक्त कळत नाही. आणि मला वाटते, नको म्हणणाऱ्याला निदान जाब विचारता येतो. इथे जिला नाकारले तिलाच वाटते, आपल्याच बोटात काही उणे आहे. 'आमचं बोट चालत नाही' असेच ती बाई म्हणाली. 'हा पडदा चालत नाही' असे म्हणाली नाही. दिवाळीचे कपडे घेताना तयार सदरा दंडात घट्ट झाला तर आपण शिंप्याला नावे ठेवतो, दंडाला नाही. यंत्रापुढे आपण दंडाला नावे ठेवायला शिकलो, ते कधी शिकलो?

यंत्राला हेतू नसतो हे चित्रकलेच्या शिक्षकांचे म्हणणे मात्र मी पूर्ण मान्य करतो. म्हणूनच ते मला अधिक जड जाते. कारण त्या खोलीत हेतू असू शकेल असे एकच काहीतरी होते, आणि ते माझ्या खिशात गेले होते. मी स्वतःला पुष्कळ सबबी सांगितल्या. पडदा परका होता. थुंकीने पाटी पुसू नये, विद्येचा अपमान होतो, असे आमच्या गुरुजींनी छडी मारून शिकवलेले होते. सगळे खरे. परंतु हजेरीपटाची पाने मी रोज बोट जिभेला लावूनच उलटतो, आणि त्याने विद्येचा अपमान होतो असे मला वीस वर्षांत वाटलेले नाही. नाकात घातलेली बोटे दोन तास त्या काचेवर फिरत होती, तेव्हा कापड खिशातच होते. मग तेव्हाच का निघाले? या प्रश्नाला जे उत्तर येते ते मी अजून पुरते उच्चारलेले नाही, घरातही नाही.

दिवाळीला भाचा आला. मी त्याला नीट सगळे सांगितले: दोन खर्डे शेजारी ठेवायला उत्तम, वर्गात चार-पाच मुले भोवती बसली तर फळ्यापेक्षा बरा, चाळीसांना अपुरा, चित्रकलेला बेताचा, उन्हात निकामी, तारा दोन लागतात हे विसरू नये. घ्यायचा असेल तर घे, मी वापरीन. आणि म्हटले, दुकानात घेताना तुझ्या बोटाने पाहू नकोस. आपल्या वाड्यातल्या सालदाराला बरोबर ने, त्याच्या बोटाने पाहा.

तो हसला, त्याला ती थट्टा वाटली असावी. मग पडदा परत नेण्याआधी त्यावर मुलांनी काढलेली चित्रे चाळू लागला. घराच्या चित्रापाशी थांबला. दार, धुराडे, आणि खाली, घरापासून थोडी दूर, एक वाकडी, मधेच तुटलेली रेघ.

"मामा, ही पुसायची राहिली का?"

"ती राहू दे," मी म्हटले.