पैसा चुकला की लेखणी?

तेरीज जुळली की हिशेबनिसाला हायसं वाटतं. पण तेरीज एवढंच सांगते, की जितकं नावे पडलं तितकंच जमा झालं. ते योग्य खात्यावर पडलं का, हे तिला सांगता येत नाही.

लहान उद्योगातही अनेकदा दोन बँक खाती असतात. एकात गिऱ्हाइकांचे पैसे येतात, दुसऱ्यातून पगार होतो. समजा, महिन्याचा पगार ४,३२,००० रुपये. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात रक्कम वळवताना कुणीतरी ‘पगार खर्च’ लिहिलं. दोन दिवसांनी पगार वाटला, तेव्हा पुन्हा ‘पगार खर्च’ लिहिलं. वहीत पगार ८,६४,००० झाला आणि पगाराच्या बँक खात्यात ४,३२,००० ची तूट दिसू लागली. तेरीज मात्र जुळलेलीच.

या खिशातला पैसा त्या खिशात ठेवला, म्हणून तो खर्च होत नाही. आपल्याच दोन बँकांमधल्या व्यवहाराची कॉन्ट्रा नोंद वेगळी ठेवली आहे, ती यासाठीच.

तूट दिसली की घाबरलेला माणूस आधी पैसे पाठवतो आणि मग विचार करतो. बँकेत तर सगळं ठीकच होतं. आता खरा पैसाही खोट्या नोंदीमागे धावू लागला.

म्हणून पहिला प्रश्न एकच: पैसा चुकला की लेखणी?

पैसा भलत्या खात्यातून गेला असेल, तर ज्या खात्यातून गेला तेच लिहावं. मग हवी तर रक्कम वळवावी, आणि त्या वळवण्याची कॉन्ट्रा नोंद करावी. लेखणी चुकली असेल, तर बँकेला हात लावू नये. वरच्या उदाहरणात एक जर्नल नोंद पुरते: पगाराचं बँक खातं नावे, पगार खर्च जमा, ४,३२,००० रुपये. चूक जिथे झाली, दुरुस्तीही तिथेच व्हावी.

उत्तर शोधायचं ते बँकेच्या स्टेटमेंटमध्ये. वही आपण लिहितो, स्टेटमेंट दुसरा कुणी लिहितो. आपल्या लिहिण्याला आपलीच साक्ष पुरत नाही.

जुळवणी प्रत्येक खात्याची वेगळी करावी. एका बँकेचा पगार दुसऱ्या बँकेवर लिहिला, तर एकीकडे जितकं कमी दिसतं तितकंच दुसरीकडे जास्त. दोघांची बेरीज बरोबर येते आणि दोन्ही खाती चुकलेली राहतात.

पगाराच्या चुकीला एक वेगळं वजन असतं. बँकेतून जातो तो हातात पडणारा पगार. तेवढाच खर्च म्हणून लिहिला, तर कापून घेतलेला भविष्य निर्वाह निधी वहीतून नाहीसा होतो. तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. तोवर तो मालकाच्या खात्यात असतो, पण मालकाचा नसतो. वहीत देणं दिसलं नाही की ते विसरलं जातं, आणि विसरलेलं देणं कामगाराच्या म्हातारपणातून वजा होतं.

चूक सापडल्यावर ती पुसून टाकण्याचा मोह होतो. पुसू नये. चुकीची नोंद राहू द्यावी, तिला उलटवणारी नोंद करावी आणि कारण दोन शब्दांत लिहावं. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. जुने मुनीम हे नियमाआधीच पाळत. खाडाखोड केलेल्या पानावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

जिच्यात चूक आणि दुरुस्ती दोन्ही वाचता येतात, ती वही प्रामाणिक.

या महिन्याचा पगार झाला की दोन्ही खात्यांची स्टेटमेंट समोर घेऊन बसा. एकेका नोंदीवर खूण करा. घाई करू नका. पगाराच्या यादीतली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी घरची आहे.