चवीमागचे हात

महामार्गावरच्या ढाब्यापासून पुण्या-मुंबईतल्या वातानुकूलित हॉटेलापर्यंत ‘घरगुती जेवण’, ‘आजीच्या हातची चव’ अशा पाट्या आता सर्रास दिसतात. मसाल्याच्या आणि लोणच्याच्या पाकिटांवर नऊवारी नेसलेली आजी असते. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमधून मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि गोडा मसाला प्रवासाला निघतो. या सगळ्यामागची ओढ खरी आहे, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. प्रश्न आहे तो या ओढीचं आपण पुढे काय करतो हा. बहुतेक घरांत ती एकाच वाक्यापाशी येऊन थांबते : ‘आता तशी चव राहिली नाही.’ चव कुठे गेली, ती कशाने आली होती, ती टिकवायला काय लागतं, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. खरं तर त्या चवीत शिकून कमावलेलं ज्ञान होतं, हंगामाची आणि धान्याची जाण होती आणि रोजची कित्येक तासांची मेहनत होती. ज्ञान शिकता येतं, बियाणं जपता येतं, मेहनत वाटून घेता येते. नुसत्या हळहळीने यांतलं काहीच साधत नाही.

ओढ इतकी खोल का, याचं एक उत्तर शरीरातच आहे. चवीची ओळख जन्माआधीच होऊ लागते. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही गर्भवतींना शेवटच्या तीन महिन्यांत गाजराचा रस प्यायला दिला होता. पुढे त्यांच्या बाळांना वरचं अन्न सुरू झालं, तेव्हा गाजराची चव असलेला घास घेताना या बाळांनी इतरांपेक्षा कमी तोंडं वाकडी केली. वासाचं नातं तर आणखी थेट आहे. बाकीच्या संवेदना मेंदूत थॅलॅमसमार्गे पुढे जातात. वास मात्र हा वळसा न घेता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोचतो. लसणाची फोडणी कुठेतरी तडतडली आणि चाळीस वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे उभं राहिलं, असं होतं ते यामुळे.

शिवाय ‘आजीचे’ म्हणून आठवतात ते पदार्थ बहुधा बाळपणाचे आणि आजारपणाचे असतात. मऊ भात, तूप आणि मेतकूट. मुगाच्या डाळीची सैलसर खिचडी. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज. घाटावर ज्वारीच्या कण्या, आंबील, हुलग्याचं माडगं. सणावाराच्या पंक्तीत यांना जागा नसते, पण ताप उतरल्यावर जीव याच पदार्थांवर जातो. त्यामागे अनुभवाचं शहाणपणही आहे. साळ टरफलासकट उकडली की कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व दाण्यात उतरतं आणि तांदूळ सडल्यानंतरही बऱ्यापैकी टिकतं. जीवनसत्त्वाचं नाव आजीला ठाऊक नसेल. अंथरुणातून उठलेल्या माणसाला पेजेने तरतरी येते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हे ज्ञान किती बारकाईचं असतं, ते ज्वारीच्या भाकरीत बघावं. गव्हाच्या कणकेला ग्लुटेनमुळे ताण येतो. ज्वारीच्या पिठाला तो नाही, म्हणून ते लाटायला गेलं की तुटतं. मग पिठाला जोड आणायचा तो कढत पाण्याने. उष्णतेने त्यातल्या पिष्टाला चिकटपणा येतो. पीठ एका वेळी एका भाकरीपुरतंच घ्यायचं, परातीत तळहाताच्या टाचेने रगडून मऊ करायचं आणि गोळा कोरड्या पिठावर ठेवून, बोटं रुतू न देता, थापता थापता फिरवत न्यायचा. पीठ दळून फार दिवस झाले असतील, तर कडा चिरायला लागतात आणि थापणाऱ्या हाताला ते डोळ्यांआधी कळतं. भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला लगेच पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी पुरतं वाळलं तर भाकरीला भेगा पडतात. फार ओली असताना उलटली, तर ती तव्याला धरते. मधली वेळ काही क्षणांचीच असते. दुसरी बाजू भाजून झाल्यावर भाकरी निखाऱ्याला लावायची, म्हणजे पापुद्रा सुटून ती टम्म फुगते. इतके निर्णय एका भाकरीत, आणि अशा वीस-पंचवीस भाकऱ्या एका बैठकीत. याला ‘हाताला चव आहे’ म्हणणं म्हणजे कारागिराच्या कसबाला दैवी देणगी म्हणून मोकळं होणं. कौतुक होतं, पण शिकण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही.

महाराष्ट्रात हे ज्ञान कागदावर उतरवण्याची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० सालचं, हजार पाकक्रियांचं. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि घराघरांत पोचलं. औपचारिक शिक्षण फारसं न मिळालेल्या या बाईंनी मोठं काम केलं : ‘अंदाजाने घाला’ या सांगण्याला वाटी-चमच्याचं माप दिलं. नोकरीच्या गावी, दोन खोल्यांत, सासू आणि आई दोघींपासून दूर संसार मांडलेल्या मुलींना त्या मापाचा केवढा आधार वाटला असेल! लग्नात मुलीला ‘रुचिरा’ देण्याची पद्धत पडली ती काही उगीच नाही. अंदाज हेही एक माप असतं आणि ते दुसऱ्याला देता येतं, हे या पुस्तकाने दाखवून दिलं. ज्याला माप नाही ते, म्हणजे भाजणी भाजताना धान्याचा बदलत जाणारा वास किंवा पिठलं शिजत आल्यावर येणारे फदफद बुडबुडे, शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.

तरीही आजीचा स्वयंपाक ही कायमची ठरून गेलेली गोष्ट होती, असं मानणं चूक ठरेल. उपासाला हमखास होणारी साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, सोबत शेंगदाण्याचं कूट, बटाटा आणि मिरची. ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या आगमनानंतरच्या काळात इकडे आलेली. भारतात साबुदाण्याचा उद्योग तमिळनाडूतल्या सेलम भागात उभा राहिला तो १९४०च्या दशकात. म्हणजे आज जिला आपण पिढ्यान्‌पिढ्यांची चव म्हणतो, ती कुठल्या तरी पणजीने नवे जिन्नस हाती घेऊन आपलेसे केल्याची खूण आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे ‘आपली आजी’ या यूट्यूब चॅनेलमुळे राज्यभर माहीत झाल्या. त्यांची सुरुवातही नातवाने पावभाजी करायला सांगितल्यापासून झाली. नवं शिकणारी, आपल्या हाताला ते वळण लावणारी आजी हीच खरी आजी.

आणि आजी एकच नव्हती. पाकिटावरच्या चित्रातली आजी बहुतेकदा एकाच प्रकारच्या घरातली असते. तिच्या डब्यांत तूप, गूळ, डाळ-तांदूळ भरलेले असतात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांचा स्वयंपाक मांडला. तेल-तूप, दूध-दही सहजी न मिळणाऱ्या त्या चुलींवर मांस वाळवून चान्या करण्याचं तंत्र होतं, रक्ती शिजवण्याची पद्धत होती, रानातल्या भाज्यांची ओळख होती. तिथल्या आजीच्या हातालाही चव होतीच. छापील पाककृतींत मात्र तिला फार उशिरा जागा मिळाली. खानदेशातली कळण्याची भाकरी, विदर्भातली उकडपेंडी, वसईकडच्या ईस्ट इंडियन घरांतला बॉटल मसाला, गोव्यातलं खतखतं ही सगळी वेगवेगळ्या आज्यांची घरं आहेत. आठवणींचा उत्सव करताना त्यांतलं एकच घर ‘महाराष्ट्राची चव’ म्हणून पुढे केलं, तर बाकीच्यांच्या नातवंडांना आपल्या आजीचं जेवण लपवावंसं वाटू लागतं.

आता मेहनतीकडे वळायला हवं. चवीच्या आठवणींत ती सहसा येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेडोपाडी हिंडून, सहकाऱ्यांना सोबत घेऊन, जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटेच्या अंधारात दळणाऱ्या बायकांनी त्या गायल्या. त्यांत देव आहेत, माहेर आहे, भाऊ आहे, तसाच सासुरवास आणि दळून दळून आलेला शीणही आहे. ज्या घरच्या पिठाच्या भाकरीची आठवण नातवंडं काढतात, त्या भाकरीमागे हा शीण होता. चुलीवरच्या जेवणाची गोडी सांगताना त्या चुलीच्या धुराने चोळावे लागलेले डोळे आणि रात्रभर येणारा खोकला विसरला जातो. सगळ्यांचं झाल्यावर आजी जेवायला बसायची तेव्हा पातेल्यात काय उरलेलं असायचं, हेही फार थोड्यांना आठवतं.

हा भूतकाळच आहे, असंही म्हणता येत नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं खर्च करत होत्या. घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ आले. पाच वर्षांत दोघांमधली तफावत एका मिनिटाने कमी झाली! अशा घरांत ‘आजीसारखं जेवण हवं’ हा हट्ट धरला, तर तो कोणाच्या अंगावर पडणार हे उघड आहे. पाच तास आधीच राबणाऱ्या सुनेकडे आणखी दोन तासांची मागणी जाते आणि ती पुरी झाली नाही की ‘हल्लीच्या बायकांना येतच नाही’ असा शेरा मिळतो.

याच कामाला बाजारात मोल मिळालं तेव्हा काय झालं, ते गिरणगावाने पाहिलं आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून मुंबईत राहायचे आणि चाळींतल्या बायकांच्या खाणावळीत महिन्याच्या हिशोबाने जेवायचे. गावच्या चवीचं जेवण त्यांना परळ-लालबागमध्ये मिळायचं ते या बायकांमुळे. त्या मात्र वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत अडकलेल्या असायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून त्यांना एकत्र आणलं आणि बँकांची कर्जं मिळवून दिली. पोळी-भाजी करणं हे कर्ज देण्याजोगं काम आहे, हे त्यातून मान्य झालं. घरगुती चवीचं कौतुक करणाऱ्या समाजाने या एका कृतीकडून पुष्कळ शिकावं. आज पोळी-भाजी केंद्रात किंवा बचत गटाच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईशी घासाघीस करायची आणि आजीच्या आठवणीने गहिवरायचं, या दोन्ही गोष्टी एका मनात राहू नयेत.

चवीचा आणखी एक धागा शेतापर्यंत जातो. सोलापूर, मंगळवेढा भागातल्या मालदांडी ज्वारीची भाकरी ज्याने खाल्ली आहे, त्याला धान्याच्या वाणाने काय फरक पडतो हे सांगावं लागत नाही. रेशनवर वर्षानुवर्षं प्रामुख्याने गहू आणि तांदूळ मिळाला, ज्वारीची कापणी-मळणी कष्टाची, तिला भावही बेताचा. शेतकऱ्याने दुसरी पिकं धरली तर त्याला दोष देता येत नाही. पण शेतातून वाण गेलं की ताटातली चव पाककृती पाठ असूनही परत येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हे ओळखलं. शाळेत न गेलेल्या या आदिवासी बाईंनी वाल, भात, भाज्या यांची गावरान बियाणी गोळा केली, बायफ या संस्थेच्या साथीने बियाणं बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आजीच्या जेवणाची काळजी खरोखर वाहायची असेल, तर ती अशी मातीपासून वाहावी लागते.

शहरातल्या घरांनाही करण्याजोगं बरंच आहे. आजी हयात आहे तोवर तिच्याकडून पाककृतीपेक्षा जास्त विचारून घ्यावं : तांदूळ कोणता, तो कुठून यायचा, कुळीथ कोणत्या महिन्यात भरायचे, मसाल्यातलं दगडफूल आधी भाजायचं की शेवटी, दुष्काळात काय शिजायचं, हे सगळं तिला कोणी शिकवलं, यातलं तिला स्वतःला काय आवडायचं. शेवटचा प्रश्न बहुतेक घरांत कधी विचारलेलाच नसतो. उत्तरं वहीत लिहावीत, फोनवर चित्रित करावीत. आणि शिकायला मुलीच्या, सुनेच्या आधी मुलाने आणि नातवाने उभं राहावं. आठवणी काढण्यात तेही मागे नसतात. पहिल्या काही भाकऱ्या चिरतील, काही तव्याला चिकटतील. त्या तशाच खाव्या लागतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परातीत पीठ घ्यावं लागेल. लग्न होऊन आलेली कोवळ्या वयाची आजीही अशीच शिकली होती. फरक इतकाच की तेव्हा तिला नाही म्हणायची सोय नव्हती.