एकच विडी



खेडोपाडींच्या मंडळ्यांस भेटी देतांना एक उत्तर वारंवार आमच्या कानीं पडतें: "पाळकसाहेब, आम्ही कांहीं व्यसनी नाहीं. जेवणानंतर एखादी विडी ओढतों, इतकेंच." दारू सोडलेला, उपासनेस नेमानें येणारा मनुष्य असें म्हणतो, तेव्हां त्याला दोष देण्यास आमची जीभ वळत नाहीं. तथापि ज्यावर प्रीति करावी त्याला सत्य सांगणें हेंही प्रीतीचेंच काम होय.

पुष्कळांची समजूत अशी कीं, विसांपैकीं एकच ओढली म्हणजे अपायही विसावा हिस्साच. परंतु हृदयाचा हिशेब निराळा आहे. २०१८ सालीं लंडन येथील संशोधकांनीं १४१ अभ्यासांचा एकत्र विचार केला. रोज २० सिगारेटी ओढणारास हृदयविकाराचा व पक्षाघाताचा जो अधिक धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका रोज एकच ओढणारास असतो, असें त्यांस आढळलें. विसावा नव्हे, निम्मा! नॉर्वे देशांतही २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, रोज १ ते ४ सिगारेटी ओढणारे लोक न ओढणारांच्या जवळजवळ तिप्पट प्रमाणांत हृदयविकारानें मेल्याचें दिसून आलें.

याचें कारण काय? थोड्या धुरानेंही रक्तवाहिन्यांचें आंतील अस्तर बिघडतें आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढते. विडी लहान म्हणून निरुपद्रवी, असेंही कोणी समजूं नये. तिचें पान लवकर विझतें, म्हणून झुरके अधिक घ्यावे लागतात. शिवाय पडवींत सोडलेला धूर मांडीवरच्या लेंकराच्या छातींत जातो आणि दमा व छातीचे विकार वाढवितो.

पौलानें गलतीकरांस लिहितांना खमिराचा दाखला दिला आहे. आपल्या माताभगिनींस तो विरजणावरून सहज कळेल. चमचाभर विरजण हंडाभर दुधाची जात पालटतें.

आम्ही स्वतः धर्मशिक्षण घेत असतां परीक्षेच्या रात्रीं सोबत्यांसंगें एखादी सिगारेट ओढीत असूं आणि "आपण तिचे गुलाम नाहीं" असें म्हणत असूं. एके रात्रीं ती मिळाली नाहीं, आणि प्रार्थनेस गुडघे टेकले तरी मन तिच्याच मागें धांवूं लागलें. तेव्हां धनी कोण व चाकर कोण, हें आम्हांस कळलें.

विडी टाकल्यानें तारण मिळतें, असें आम्ही सांगत नाहीं. तारण केवळ कृपेनें आहे. परंतु ज्यानें मोल देऊन हें शरीर घेतलें, त्याच्या मंदिरांत आपण रोज थोडा धूर करावा काय? उपदेशक बंधूंनो, शाळेमागें ओढलेली तुमची एक विडी मुलें पाहतात, आणि रविवारचा धडा विसरून तोच धडा लक्षांत ठेवितात.

म्हणून कमी करण्यांत समाधान मानूं नका, सोडा. सोडल्यापासून सुमारें एका वर्षांत हृदयविकाराचा अधिक धोका निम्म्यावर येतो. देवानें शरीरांत भरून येण्याची शक्ति ठेविली आहे, ही केवढी दया! एकट्यानें होत नसेल, तर एखाद्या बांधवाला खुल्या मनानें सांगा, वैद्याचा सल्ला घ्या, आणि दोघे मिळून प्रार्थना करा. पडलांत तर पुन्हां उठा.

प्रभु आपणां सर्वांस बळ देवो. आमेन.