उशिरा हाती घेतलेले पुस्तक
(मनन : मत्तय 25 : 14–30)



परदेशी जाणाऱ्या धन्याने आपली संपत्ती तीन दासांच्या हाती सोपविली, हा प्रभूचा दृष्टांत आपण पुष्कळदा ऐकला आहे. एकाला पाच भाग दिले, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. हा भाग म्हणजे वजनाने मोजलेली मोठी रक्कम होय. तिचेच नाव इंग्रजी भाषेत ‘टॅलेंट’ म्हणून गेले, आणि ह्याच दृष्टांतावरून तेथे त्या शब्दाला उपजत बुद्धी असा अर्थ चिकटला. पण त्या अर्थाच्या भरात दृष्टांतातील मुख्य गोष्ट नजरेआड होते, असे मला वाटते. पाचांचे दहा करणाऱ्या दासाला जी शाबासकी मिळाली, तीच शाबासकी दोहोंचे चार करणाऱ्यालाही मिळाली. एकविसावे व तेविसावे ही दोन वचने शेजारी ठेवून पाहा. तुला आरंभी किती मिळाले होते, असे धन्याने विचारलेच नाही. तिसऱ्या दासाला बोल लागला, तो त्याचा भाग लहान होता म्हणून नव्हे, तर त्याने तो जमिनीत पुरून ठेवला म्हणून.

आपल्या परभणी जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांना कोणी विचारले की, “बाबा, शास्त्र स्वतः वाचता काय?” तर ते म्हणतात, “हे काय शिकण्याचे वय आहे? आमचे डोके चालत नाही.” ह्यात सर्व दोष त्यांचा नाही. 1948 सालापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कचेरीची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि शेतमजुराच्या मुलाला शाळेचे दार क्वचितच दिसे. त्यानंतर गावोगावी शाळा निघाल्या, तरी जिला आईबरोबर खुरपणीला जावे लागले ती मुलगी अक्षरांवाचून राहिली. पण तेव्हा दार लागलेले होते म्हणून आजही ते लागलेलेच आहे काय?

आपल्या गंगाखेडावरून वाहणारी गोदावरी वर नाशिकजवळ जलालपूर गावावरून येते. त्या गावी 1868 साली लक्ष्मीबाई टिळक ह्यांचा जन्म झाला. कडक सोवळ्याच्या घरात त्या वाढल्या. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. रीतसर शाळेचे शिक्षण त्यांना लाभले नाही. पती नारायण वामन टिळक ह्यांनी घरी अक्षरे शिकविली खरी, पण संसार विंचवाच्या पाठीवरचा. आज ह्या गावी, उद्या त्या गावी, असे त्यांचे दिवस गेले. 1895 साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला व पतिपत्नींची ताटातूट झाली. 1900 साली लक्ष्मीबाईंनीही प्रभूचा स्वीकार केला.

1919 साली टिळक निवर्तले. ख्रिस्तचरित्रावर ‘ख्रिस्तायन’ नावाचे मोठे काव्य त्यांनी आरंभिले होते. त्याचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. ते अपुरे काम पन्नाशी ओलांडलेल्या त्या विधवेने हाती घेतले. पती महाकवी, आणि स्वतःला शाळा ठाऊक नाही! तुलना होणार हे त्यांना दिसत नव्हते काय? तरी त्या लिहीत राहिल्या, आणि काव्याचे बहुतेक अध्याय त्यांच्याच हातचे आहेत. त्यांच्या आठवणींचे ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक 1934 सालापासून भागाभागांनी निघू लागले, तेव्हा त्यांचे वय सहासष्टच्या सुमारास होते. 1936 साली त्यांना देवाज्ञा झाली. विद्यापीठांतून शिकलेले लोक आज ते पुस्तक मराठी गद्याचा नमुना म्हणून वाचतात.

कोणी म्हणेल, त्यांच्या अंगी उपजत बुद्धी होती. होती, हे मी नाकारीत नाही. पण ती तीसचाळीस वर्षे चूल, आजारपण व प्रवास ह्यांखाली झाकलेलीच होती ना? ती वर आली ती रोज लेखणी हाती धरल्याने. पंडिता रमाबाई तर संस्कृत विद्येत लहानपणापासून वाढलेल्या. तथापि पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यासाठी प्रौढ वयात इब्री व ग्रीक ह्या परक्या भाषांची मुळाक्षरे गिरविण्याची लाज त्यांना वाटली नाही. 1922 साली त्या वारल्या तोवर ते काम चालले होते.

शिक्षक बंधूंनो, खरी अडचण बुद्धीची नसते, लाजेची असते. नातवासमोर अडखळत वाचावे लागेल, ह्याची म्हाताऱ्याला शरम वाटते. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी 2016 साली आजीबाईंची शाळा निघाली. तेथे साऱ्याच आज्या, तेव्हा कोणाला कोणाची लाज! आपल्या मंडळीतही वडीलधाऱ्यांना मुलांपासून वेगळे बसवावे. चुकले तर हसू नये, आणि कोणाला हसूही देऊ नये.

ज्यांना अक्षरे लावता येतात त्यांनी मार्काचे शुभवर्तमान घ्यावे. चारांमध्ये ते सर्वांत लहान. अध्याय सोळा, वचने सुमारे 680. रोज दहा वचने बोट ठेवून वाचली तर अडुसष्ट दिवस लागतात. पाडव्याला आरंभ केला, तर उन्हाळ्यात शेताची कामे मंदावलेली असतात. मृगाची पेरणी सुरू होण्यापूर्वी पुस्तक संपते. कोणाला पाचच वचने जमली, तर दिवाळी येण्याआधी संपेल. दिव्याजवळ बसावे, चष्मा लागत असल्यास आधी तो करून घ्यावा, आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याच वचनापासून पुढे वाचावे.