‘अहो’ कोणाला, ‘अरे’ कोणाला?

बुलडाण्यापासून खामगाव-मलकापूरपर्यंत तालुक्याच्या कोणत्याही गावी जा, बसस्थानकाच्या आसपास इंग्रजी संभाषणाच्या क्लासची एखादी पाटी दिसतेच. अशा क्लासांत सुरुवातीलाच तीन शब्द घोटून घेतले जातात : प्लीज, सॉरी आणि थँक यू. त्यांना कोणी जादूचे शब्द म्हणते, कोणी सुसंस्कृतपणाची पहिली पायरी. आणि त्यासोबत एक शेराही हमखास ऐकवला जातो, की आपल्या भाषेत ही सभ्यताच नाही. वऱ्हाडी माणूस पाणी मागतो तेही हुकूम सोडल्यासारखे, आणि पिऊन झाल्यावर आभाराचा शब्द काढत नाही.

आमच्या मुलांपुढे तर प्रश्न तिहेरी होतो. घरी दखनी-उर्दूतले ‘आप’ आणि ‘जी’, बाजारात वऱ्हाडी, क्लासात इंग्रजी. एकाच दिवसात तीन प्रकारच्या सभ्यता त्यांना पार पाडाव्या लागतात. यातली खरी कोणती? सभ्यता शब्दात असते की वागण्यात, आणि शब्दात असेल तर नेमक्या कोणत्या शब्दात? हा प्रश्न केवळ भाषेच्या अभ्यासकांचा नाही. तो नीतीचा प्रश्न आहे, असे आम्हाला वाटते.

आधी इंग्रजीपुरता विचार करू. ‘प्लीज’ हा शब्द ‘आपल्याला आवडत असेल तर’ अशा अर्थाच्या एका लांब वाक्याचा झिजून उरलेला तुकडा आहे. इंग्रजीला तो लागतो, कारण त्या भाषेत ‘दे’ आणि ‘द्या’ हा भेद आज उरलेला नाही. एकेकाळी होता. ‘दाऊ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही. पुढे ‘दाऊ’ मागे पडला आणि राजापासून रंकापर्यंत सर्वांच्या वाट्याला ‘यू’ आला. क्लासात ‘यू म्हणजे तू’ असे शिकवतात, पण इतिहास पाहिला तर इंग्रज माणूस आपल्या कुत्र्यालाही ‘तुम्ही’च म्हणतो! सर्वनाम सर्वांना सारखे झाल्यावर अदब दाखवायला वेगळा शब्द हवा, ते काम ‘प्लीज’ करतो.

आता शेजारच्या स्वीडनकडे पाहू. आपल्याला हा देश फार अपरिचित नाही. पुण्याच्या दापोडी-चिंचवड भागात अल्फा लाव्हल, सँडविक, एसकेएफ अशा मूळच्या स्वीडिश कंपन्यांनी कित्येक दशके कारखाने चालवले आहेत. त्या देशाच्या भाषेत ‘प्लीज’ला नेमका शब्दच नाही. ‘एक कॉफी’ म्हणायचे आणि पुढे ‘ताक्क’ जोडायचे, झाले. मराठी कानाला ते ताक मागितल्यासारखे वाटेल, पण त्याचा अर्थ आहे ‘आभार’. म्हणजे वस्तू हातात येण्याआधीच आभार मानून टाकायचे. फारच आर्जव करायचे तर ‘स्नेला’ म्हणतात, म्हणजे ‘चांगला माणूस हो’. ‘प्लीज’ नाही म्हणून स्वीडिश माणसाला कोणी असंस्कृत ठरवत नाही. मग मराठी माणसालाच का ठरवावे?

खरे तर मराठीचे ‘प्लीज’ क्रियापदात आहे. ‘पाणी दे’, ‘पाणी द्या’, ‘जरा पाणी देता का’, ‘द्या ना थोडं पाणी’ या प्रत्येक वाक्यात विनंतीचे माप वेगळे आहे आणि ते कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे, ही केवढी हळुवार सभ्यता आहे! ‘कृपया’ हा शब्द आपल्याकडे आहे, पण तो रेल्वे स्थानकावरच्या घोषणेत आणि सरकारी पाटीवर शोभतो. स्वयंपाकघरात कोणी आईला ‘कृपया भाकरी वाढ’ म्हणत नाही. आभाराचेही तसेच. या शब्दातच भार आहे. म्हणून जवळच्या माणसाचे आभार मानले की तो विचारतो, ‘आम्हाला परके समजता काय?’

शिवाय मराठीची ही अदब एकट्या संस्कृतातून आलेली नाही. अर्ज, मेहेरबानी, माफी, तसदी हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आले आणि मराठीच्या घरात कायमचे राहिले. ‘तसदीबद्दल क्षमस्व’ असे लिहिणाऱ्याला कल्पनाही नसते, की तसदी या शब्दाच्या मुळाशी डोकेदुखी देणे असा अर्थ आहे आणि त्याच्या एका वाक्यात अरबी आणि संस्कृत शेजारी शेजारी बसून एकाच माणसाची क्षमा मागत आहेत.

इथपर्यंत मराठीचा बचाव सोपा आहे. बहुतेक जण इथेच थांबतात. आम्हाला मात्र पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. अदब क्रियापदातच असल्यामुळे तोंड उघडण्याआधी आपल्याला एक निवाडा करावा लागतो : समोरचा माणूस ‘दे’च्या लायकीचा की ‘द्या’च्या? इंग्रज माणसाला हा निवाडा टाळता येतो, आपल्याला येत नाही. आणि हा निवाडा आपण कशावरून करतो, हे एकदा उघड्या डोळ्यांनी पाहावे.

तालुक्याच्या कोणत्याही कचेरीत तासभर बसून पाहा. इस्त्रीचे कपडे घातलेला पंचविशीतला तरुण आला की ‘या, बसा’. त्याच्या मागे धोतरातला साठीचा शेतकरी आला की ‘काय रे बाबा, कागद आणला का तुझा?’ बाजार समितीतला हमाल केस पांढरे झाले तरी ‘अरे’च असतो. सोयाबीन सोंगायला आलेल्या मजूर बाईला मालकाचा शाळकरी मुलगाही ‘ए’ म्हणून हाक मारतो. फळांच्या गाडीवाल्याला ‘काय रे मियाँ’ म्हणणाऱ्याला आपण काही वावगे बोललो असे वाटतही नाही. ज्याच्याविषयी अंदाज येत नाही त्याच्यासाठी आपण मोठ्या युक्तीने कर्ताच गाळतो : ‘कुठं जायचं?’, ‘चहा घ्यायचा का?’, ‘गाव कोणतं म्हणायचं?’ आधी कपडे, चपला, आडनाव कळू द्या, मग तू की तुम्ही ते ठरवू!

आणि आता क्लासात शिकलेली मुले काय बोलतात, तेही ऐका : ‘ए, पाणी आण ना प्लीज!’ जादूचा शब्द आला, पण तो ‘ए’च्या डोक्यावर येऊन बसला. ज्याला पाणी आणायला सांगितले त्याच्या पदरात काय पडले?

सभ्यतेची ही विषम वाटणी आजची नाही. आमच्याच जिल्ह्यात देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणा राजा हे गाव आहे. संत चोखामेळ्यांचे ते जन्मस्थान मानले जाते. त्यांच्या नावावर ‘जोहार’ या प्रकारचे अभंग प्रसिद्ध आहेत. जोहार हा महार समाजाने वरच्यांना करायचा मुजरा होता. तो आदराचा शब्द होता खरा, पण एकाच दिशेने जाणारा. उलट जोहार मिळण्याची सोय नव्हती. चोखोबांनी तो शब्द विठ्ठलाच्या दारी नेला. पुढे आंबेडकरी चळवळीने जोहार सोडला आणि ‘जय भीम’ स्वीकारला. या अभिवादनाला प्रत्युत्तरही ‘जय भीम’ हेच असते. वरचा-खालचा हा प्रश्नच त्यात उरला नाही. ‘नमस्कार’ या साध्या शब्दाचाही असाच इतिहास आहे. 1779 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने सोनार जातीला ‘नमस्कार’ हे अभिवादन वापरण्याची मनाई करणारा ठराव केला होता. जो शब्द आज आपण वाटेत भेटेल त्याला सहज देतो, तोही एकेकाळी जातीच्या मालकीचा होता.

दुसऱ्यांचे माप काढताना आमच्या घरात डोकावणेही आवश्यक आहे. उर्दूच्या तहजीबचा आम्हा मुसलमानांना मोठा अभिमान. ‘आप’, ‘तशरीफ’, ‘गरीबखाना’ हे शब्द ऐकायला गोड लागतात यात शंका नाही. पण हा ‘आप’ कुरेशी, पिंजारी, फकीर यांच्यापर्यंत तेवढ्याच सहजपणे पोहोचतो काय? बायकोने नवऱ्याला जन्मभर ‘आप’ म्हणायचे आणि नवऱ्याने तिला ‘तू’, यात तहजीब कोणती? दारावर येणाऱ्या बोहारणीला, धुणे-भांडे करणाऱ्या बाईला आमच्या घरांत काय म्हणतात? ज्या धर्माच्या शिकवणीत स्वाराने पायी चालणाऱ्याला, चालणाऱ्याने बसलेल्याला आणि थोड्यांनी अनेकांना आधी सलाम करावा असे सांगितले आहे, त्याच्या अनुयायांनी याचे उत्तर द्यायला हवे. लहानाने थोराला आधी सलाम करावा हे आम्ही मुलांना बजावून शिकवतो. मोटारीतून जाणाऱ्याने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा, हे मात्र सोयीने विसरतो. कुरआनाच्या सूरह निसामध्येही सलामाचे उत्तर त्याहून चांगल्या, निदान तेवढ्याच चांगल्या शब्दांत द्यावे असा उपदेश आहे. परतफेड तिथे गृहीत धरलेली आहे.

इथे कोणी म्हणेल, ‘तू’ हा शब्दच मुळात वाईट काय? तसे नाही. मराठीत आईला आपण ‘तू’ म्हणतो, विठ्ठलालाही ‘तू’ म्हणतो. उर्दूतही खुदाला ‘तू’च म्हणतात. जो शब्द परमेश्वराला चालतो तो सालदाराला का चालू नये? 1960 साली रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अमेरिकी अभ्यासकांनी सर्वनामांवर एक गाजलेला लेख लिहिला. त्यांची मांडणी अशी, की सर्वनामांतून दोन गोष्टी व्यक्त होतात, सत्ता आणि आपुलकी. दोघेही एकमेकांना एकच शब्द वापरतात तिथे आपुलकी किंवा बरोबरी असते. एकाने ‘तू’ म्हणायचे आणि दुसऱ्याने ‘तुम्ही’, तिथे सत्ता असते. ही कसोटी साधी आहे आणि खरी आहे. आम्ही ज्याला ‘तू’ म्हणतो, त्याने उलट आम्हाला ‘तू’ म्हटले तर आम्हाला चालेल काय? मित्राचे चालते. सालदाराचे चालत नसेल, तर आमचा ‘तू’ आपुलकीचा नव्हता.

स्वीडनने हा प्रश्न आपल्या डोळ्यांदेखत सोडवला. तिथेही पूर्वी हुद्द्याचे मोठे प्रस्थ होते. समोरच्याला थेट ‘तुम्ही’ म्हणणेही कमीपणाचे. ‘डॉक्टरसाहेब कॉफी घेतील काय’ असे तृतीय पुरुषात बोलायचे, आणि हुद्दा माहीत नसेल तर आपल्यासारखाच कर्ता गाळायचा. 1967 साली ब्रूर रेक्सेड हे आरोग्य खात्याचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी आपण सर्व कर्मचाऱ्यांना ‘दू’ म्हणजे ‘तू’ म्हणणार आणि त्यांनीही आपल्याला तसेच म्हणावे असे जाहीर केले. हवा आधीपासून बदलत होतीच. काही वर्षांत सारा देश ‘तू’वर आला. राजघराणे तेवढे अपवाद. त्याआधी तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या लोकांनी न्यायाधीशालाही ‘तू’ म्हणण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना मार आणि तुरुंग मिळाला होता.

म्हणजे समतेच्या दोन वाटा दिसतात : सर्वांना ‘तू’ किंवा सर्वांना ‘तुम्ही’. आपल्याला स्वीडनची वाट मानवेल असे वाटत नाही. इथे सर्वांना ‘तू’ करायचे ठरले, तर साहेबाचे ‘तुम्ही’ शाबूत राहील आणि उरलेल्यांचे तेवढे जाईल! आपली वाट दुसरी आहे आणि ती आपल्याच मातीत आहे. वारीत वारकरी एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. शेगावच्या संस्थानातले सेवेकरी येणाऱ्या प्रत्येकाला ‘माऊली’ म्हणूनच रांगेत पुढे सरकायला सांगतात. तिथे कोणाला खाली ओढलेले नाही, सर्वांना वर चढवले आहे. मंदिराच्या रांगेत जे जमते ते तहसीलच्या रांगेत का जमू नये?

यावर आक्षेप येईल, की शब्दांनी काय होते? मजुराला ‘अहो’ म्हटले आणि मजुरी तेवढीच ठेवली, तर तो ‘अहो’ घेऊन काय करील? आक्षेप रास्त आहे. गोड शब्दांच्या आड अन्याय लपतो हे आम्हालाही ठाऊक आहे. ‘सॉरी’ शब्दाचेच पाहा. त्याच्या मुळाशी ‘मी दुःखी आहे’ एवढाच अर्थ आहे; बोलणारा स्वतःच्या मनाची स्थिती सांगतो आणि निघून जातो. ‘माफ करा’ म्हणणाऱ्याला मात्र समोरच्याच्या उत्तरासाठी थांबावे लागते. स्वीडिशमध्येही धक्का लागला तर एक शब्द आणि खरोखर क्षमा मागायची तर दुसरा, असा फरक आहे. हजला निघालेला माणूस शेजारीपाजारी, सग्यासोयऱ्यांकडे जाऊन ‘कहा-सुना माफ करना’ म्हणतो, जैन बांधव संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, त्यामागे हीच जाणीव आहे. इस्लाममध्ये ‘हुकूकुल इबाद’ म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क मानले आहेत. या हक्कांत कसूर झाली, तर ज्याचे नुकसान झाले त्यानेच माफ करायचे असते. नुसत्या नमाजेने ते फिटत नाही.

म्हणूनच शब्द न्यायाची जागा घेऊ शकत नाहीत, हे आम्ही मान्य करतो. पण ज्याला आपण दिवसातून वीस वेळा ‘ए’ म्हणतो, त्याची मजुरी कमी देताना हात अडखळत नाही. ज्याला ‘अहो दादा’ म्हणतो, त्याला कमी देताना निदान मान खाली घालावी लागते. शिवाय रोजाचे पैसे वाढवायला ऐपत लागते, असे सांगून मालक सुटू शकतो. ‘दे’चे ‘द्या’ करायला तर एक पैसाही लागत नाही. जे फुकट आहे तेही आपण देत नसू, तर महाग ते कधी देणार?

तेव्हा मुलांना ‘प्लीज’ अवश्य शिकवावे. जगात वावरायला ते लागेल. पण त्याआधी त्यांना घरीच एक गोष्ट शिकवावी. आपल्याहून वयाने मोठ्या प्रत्येक माणसाला ‘तुम्ही’ म्हणायचे, मग तो हमाल असो, सफाई कामगार असो, घरची मोलकरीण असो की दारावरचा फकीर. आणि मुलांना हे शिकवायचे तर ते आधी त्यांच्या कानावर आपल्या तोंडून पडले पाहिजे. बाप चहावाल्याला ‘ए पोऱ्या’ म्हणत असेल, तर इंग्रजीच्या क्लासची फी वाया गेली असे खुशाल समजावे.