मंगळाचे पर्वत आणि आपला दोष

२४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे मंगळयान मंगळाच्या कक्षेत स्थिरावले. २०२२ मध्ये त्याचा संपर्क तुटला. तत्पूर्वी त्याच्या रंगीत कॅमेऱ्याने तेथील ज्वालामुखींची छायाचित्रे धाडली होती. त्यांतील आर्सिया मॉन्स ४०० किलोमीटरांहून अधिक विस्ताराचा आहे.

मग नवग्रहांपुढे हात जोडणाऱ्याने आता काय करावे? नमस्कार सोडावा, असे मला वाटत नाही. आपल्या कलबुर्गीकडील काळी माती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकापासून झाली आहे. हे ठाऊक असलेला शेतकरीही वेळ अमावस्येला रानात पूजा मांडतोच. ज्ञानाने भक्ती उणी होत नाही. उणी व्हावी ती भीती.

तथापि पत्रिकेतील मंगळापायी आजही एखाद्या मुलीचा विवाह अडतो आणि दोष तिच्या माथी बसतो. कोट्यवधी कोसांवरील पर्वत आपण यानाच्या डोळ्यांनी निरखून पाहिले. मात्र समोर बसलेल्या मुलीचे गुण पाहताना आपली दृष्टी पत्रिकेवरच खिळते. हा दोष मंगळाचा नव्हे, पाहणाऱ्याचा आहे. देवळातील मंगळास फूल अवश्य वाहावे. पण आपल्या भीतीचे ओझे लेकीवर लादू नये. ग्रहशांती करावयाचीच, तर ती प्रथम आपल्या मनाची करावी.