दृष्टीची जबानी

मनुष्य कोठे पाहतो याची नोंद झाली की तो काय विचार करतो याचा उलगडा झाला, असे मानणाऱ्यांनी आल्फ्रेड यार्बुस या सोव्हिएत शास्त्रज्ञाचे प्रयोग अवश्य अभ्यासावेत. नेत्रगोलाला चिकटणाऱ्या चिमुकल्या टोपीवर आरसा जडवून, त्यावरून परावर्तित होणारा किरण छायाचित्रणाच्या कागदावर पाडून, त्याने दृष्टीचा प्रवास रेखाटून घेतला. हद्दपारीतून अकस्मात घरी परतलेल्या इसमाचे इल्या रेपिनचे चित्र त्याने एकाच प्रेक्षकापुढे सात वेळा ठेवले. कुटुंबाची सांपत्तिक स्थिती विचारली, तेव्हा दृष्टी वस्त्रांवरून व सामानावरून फिरली. वये विचारली, तेव्हा चेहऱ्यांवर स्थिरावली. आणि हा गृहस्थ किती काळ दूर होता असे विचारले, तेव्हा ती एका मुखावरून दुसऱ्या मुखाकडे येरझारा घालू लागली. चित्र तेच, नेत्र तेच. पालटला तो केवळ प्रश्न. आज अवरक्त प्रकाशावर चालणारे कॅमेरे सेकंदाला शेकडो नोंदी करतात; परंतु प्रश्न टिपलेला नसेल, तर ते सारे दप्तर अर्थाविषयी मुकेच राहते.

यंत्राला नेत्रांनी हुकूम देण्याच्या खटपटीतही हीच अडचण उभी राहिली. रॉबर्ट जेकब या अमेरिकन संशोधकाने 1990 च्या सुमारास तिला मिडास राजाच्या स्पर्शाचे नाव दिले, कारण जेथे नजर जाईल तेथे आज्ञा सुटू लागली, तर मनुष्याला नुसते पाहण्याची मुभाच उरत नाही.

माणसामाणसांतली दृष्टी तर याहून गहन आहे, कारण ती घेते तशी देतेही. अॅडम केंडन या संशोधकाने 1967 साली दाखवून दिले की दीर्घ बोलणे आरंभताना वक्ता बहुधा दृष्टी बाजूला वळवतो आणि समाप्तीच्या सुमारास ती श्रोत्याकडे आणून त्याला बोलण्याची पाळी देतो. पुढे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की प्रतीक्षा करीत बसलेली माणसे पडद्यावरच्या अनोळखी व्यक्तीकडे वारंवार पाहतात, पण तीच व्यक्ती प्रत्यक्ष खोलीत असली की तिच्याकडे पाहणे पुष्कळ टाळतात. पडद्यावरचा चेहरा उलटून पाहत नाही, आणि इतक्याने सारा व्यवहार बदलतो! म्हणून विद्यार्थ्याचे अवधान अथवा उमेदवाराची सचोटी नजरेच्या आलेखावरून ठरवू पाहणाऱ्या प्रत्येक अहवालाला, त्याला काय विचारले होते आणि समोर कोण बसले होते, याची कैफियत जोडणे सक्तीचे असावे, असे माझे निश्चित मत आहे.